केंदूरची क्वालिस, केंटकीची कॅमरी

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला, पाबळच्या शेजारी केंदूर आहे. वारकऱ्यांना ते संत कान्हूराज पाठकांचं गाव म्हणून ठाऊक, बाकीच्यांना पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या पट्ट्यातलं एक गाव म्हणून. या पट्ट्यात विहिरीवर वीज यायच्या आधी किर्लोस्करचं डिझेल इंजिन आलं. हँडल घालून दोन-चार जोरदार फेरे द्यायचे, वेग आला की दाबून धरलेला खटका सोडायचा, आणि धुराचा एक भपका टाकून ते ठकठक सुरू व्हायचं. रानात कुठं पाणी चालू आहे, हे त्या आवाजावरून गावात बसून कळायचं. हे इंजिन पुण्यात बनायचं. १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी काढलेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं ते. ज्या घराला हे इंजिन माहीत होतं, त्याच घराच्या दारात सन २००० नंतर कधीतरी एक उंच, चौकोनी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यावर नाव टोयोटाचं होतं. आरसी बुक उघडलं की निर्मात्याच्या रकान्यात मात्र लिहिलेलं असायचं: टोयोटा किर्लोस्कर मोटर.

जपानी मोटारींनी जग कसं जिंकलं, ही गोष्ट सहसा अमेरिकेपासून सुरू होते आणि तिथंच संपते. मला ती दोन ठिकाणी उभं राहून पाहायची आहे. एक पाय लॉस एंजेलिसच्या आठपदरी रस्त्यावर आणि दुसरा शिक्रापूर–पाबळ रस्त्यावर. असं पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. कंपनी जे मॉडेल मोठ्या अभिमानानं पुढं करते, ते परक्या मुलखात चालेलच असं नाही. कोणतं चालणार, हे तिथला रस्ता आणि गाडीत बसणारी माणसं ठरवतात.

आधी दोन घराण्यांकडे जाऊ. साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७चा, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा १८६९चा. साकिची सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना पाहून तो मागाच्या सुधारणेला लागला. लक्ष्मणरावांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. साकिचींनी १९२४मध्ये धागा तुटला की आपोआप थांबणारा स्वयंचलित माग पूर्ण केला आणि १९२९मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना दिले. त्यांचे चिरंजीव कीचिरो यांनी १९३७मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी केली. इकडे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि १९१०मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. तयार नांगर नुसते पडून राहिले. पुढे काळ्या रानात खोल जाणारा फाळ लोकांनी डोळ्यांनी पाहिला, तेव्हा नांगर खपू लागला. माल चांगला असूनही गिऱ्हाईक पाठ फिरवतं, हा धडा किर्लोस्करांना सुरुवातीच्याच मालानं दिला. टोयोटाला तो अमेरिकेत मिळाला, आणि फार महागात पडला.

१९५७च्या ऑगस्टमध्ये टोयोपेट क्राउन या मोटारीचे दोन नमुने अमेरिकेला रवाना झाले. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला तिथं विक्री कंपनीही स्थापन झाली. क्राउन ही जपानची अभिमानाची गाडी होती. संपूर्ण जपानी बनावटीची, दणकट आणि टॅक्सीवाल्यांची लाडकी. जपानमधले त्या वेळचे रस्ते खडबडीत, कच्चे आणि अरुंद. अशा रस्त्यांसाठी जाड पत्रा आणि मजबूत स्प्रिंगा घालून ती बनवलेली. इंजिन दीड लिटरचं, ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. जपानमध्ये ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं हिंडायला ते पुरत होतं. लॉस एंजेलिसच्या द्रुतगती मार्गावर शिरायचं तर ताशी शंभर किलोमीटर वेग हवा. तिथं जाताच क्राउन गरम व्हायची, थरथरायची, चढावर दम टाकायची. शिवाय ती फोक्सवॅगन बीटलपेक्षा महाग होती. १९५८ या पहिल्या पूर्ण वर्षात खपल्या २८७ क्राउन. १९६०च्या अखेरीस टोयोटानं अमेरिकेत प्रवासी मोटारी पाठवणंच थांबवलं.

दुकान उघडं राहिलं ते दुसऱ्याच गाडीमुळे. १९५८ साली त्या २८७ क्राउनबरोबर एक लँड क्रूझर विकली गेली होती. एकच. पुढची चार-पाच वर्षं अमेरिकेत टोयोटाला याच गाडीनं तगवलं. ही गाडी म्हणजे जीपचं जपानी भावंड. १९५१मध्ये टोयोटानं ती ‘टोयोटा जीप’ म्हणूनच काढली होती. जीप या नावावर विलीज कंपनीचा हक्क असल्यानं १९५४मध्ये नाव बदलावं लागलं. त्याच विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनी १९४७पासून आपल्याकडे करत होती, आणि पुढं तिचीच वंशावळ वडापच्या गाड्या म्हणून आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर धावली. डोंगरात, रानात, खाणीत जाणाऱ्या अमेरिकन माणसाला लँड क्रूझर पटली. तिला महामार्गावर मिरवायचं नव्हतं, म्हणून महामार्गानं तिला नापासही केलं नाही.

क्राउनच्या अपयशानंतर टोयोटानं जे केलं, त्याचं मला फार मोल वाटतं. परत जायचं तर अमेरिकन रस्त्यासाठी बांधलेली गाडीच घेऊन, हे कंपनीनं ठरवलं. १९६५मध्ये कोरोना आली. इंजिन १९०० सीसीचं, ताकद ९० अश्वशक्ती, गिअर आपोआप बदलणारा, हवी असेल तर वातानुकूलित यंत्रणाही, आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आत. ती चालली. १९६८मध्ये त्याहून छोटी कोरोला गेली. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा अमेरिकन माणसाला पहिल्यांदा ॲव्हरेजचा विचार करावा लागला. आपल्याकडं गाडी घेताना पहिला प्रश्न तोच असतो. तिथं तोवर तो कुणी विचारत नव्हतं. १९७५मध्ये टोयोटानं फोक्सवॅगनला मागं टाकलं आणि अमेरिकेत सर्वाधिक खपणारी परदेशी कंपनी झाली.

मधल्या काळातली पिकअपची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपानं अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याचं उट्टं म्हणून अमेरिकेनं १९६४पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. रोख जर्मन व्हॅनवर होता, पण जपानी पिकअपही त्यात सापडल्या. नियमात एक फट होती. हौदा नसलेल्या, नुसत्या केबिन आणि सांगाड्यावर जकात फक्त ४ टक्के होती. मग टोयोटाच्या पिकअप हौद्याविनाच बोटीवर चढू लागल्या, आणि हौदा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला बनवून तिथंच बसवला जाऊ लागला. १९८०मध्ये सरकारनं ही फट बुजवली. पण टोयोटाचं अमेरिकेतलं पहिलं उत्पादन म्हणजे मोटार नव्हे, तर हा लोखंडी हौदा. पाबळ-केंदूरचा कांदा ज्या पिकअपमधून बाजारात जातो, त्या पिकअपच्या मालकाला हौद्याचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९८१मध्ये अमेरिकेच्या दडपणामुळं जपाननं निर्यातीवर स्वतःहून मर्यादा घालून घेतली. वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारी, त्याहून जास्त नाही. आता नग वाढवता येत नव्हते, म्हणून कंपन्यांनी प्रत्येक नगामागचा नफा वाढवायचं ठरवलं. छोट्या, स्वस्त गाड्यांऐवजी मोठ्या, महाग गाड्या पाठवायच्या आणि जमेल तर कारखानाच तिकडं न्यायचा. कॅमरी याच काळात अमेरिकेत आली. १९८४मध्ये कॅलिफोर्नियात जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यात त्या कंपनीनं आणि टोयोटानं मिळून काम सुरू केलं. १९८८मध्ये केंटकी राज्यातल्या जॉर्जटाऊनला टोयोटाचा स्वतःचा कारखाना चालू झाला आणि तिथून कॅमरी बाहेर पडू लागली. टोयोटाच्या महागड्या गाड्यांची लेक्सस ही मालिका आली ती १९८९मध्ये. १९९७मध्ये कॅमरी अमेरिकेतली सर्वाधिक खपाची मोटार ठरली. जपानी गाड्या रोखण्यासाठी घातलेल्या बंधनानंच त्यांना मोठ्या गाड्यांच्या बाजारात नेऊन बसवलं. व्यापारी धोरणाच्या इतिहासात याहून बोलकं उदाहरण क्वचित सापडेल.

टोयोटा भारतात प्रथम क्वालिस घेऊन आली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलक्या मालट्रकांच्या धंद्यात उतरल्या होत्या: पंजाबात स्वराज माझदा, आंध्रात ऑल्विन निस्सान, मध्य प्रदेशात आयशर मित्सुबिशी आणि उत्तर प्रदेशात सुरजपूरला डीसीएम टोयोटा. टोयोटाच्या ट्रकचं नाव डायना. गाड्या देखण्या, हलक्या, चालवायला सोप्या होत्या. पण १९८५च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवायचा करार केला आणि येन चढू लागला. अडीच-तीन वर्षांत तो डॉलरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट महाग झाला. जपानहून येणारे सुटे भाग त्याच हिशेबानं महागले. नेमक्या त्याच वेळी, १९८६मध्ये, पुण्याच्या टेल्कोनं टाटा ४०७ काढली.

चारशे सात. हा आकडा उच्चारला की आजही शिरूर-खेडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ती गाडी डोळ्यांसमोर दिसते. भाग इथलेच, फिटर इथलाच, आणि क्षमतेच्या दीडपट माल घातला तरी तक्रार नाही. कांद्याच्या पिशव्या, जनावरं, ऊसतोडीची बिऱ्हाडं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिनं वाहिलं. चौघा जपान्यांपैकी टोयोटाची भागीदारी पुढं निकालात निघाली आणि सुरजपूरचा कारखाना १९९५च्या सुमारास कोरियाच्या देवूकडे गेला. म्हणजे अमेरिकेत जशी क्राउन, तशी भारतात डायना. एकीला महामार्गानं हरवलं, तर दुसरीला चलनाच्या दरानं आणि पुण्यात बनलेल्या एका ट्रकनं.

दुसऱ्या खेपेला टोयोटा किर्लोस्करांचा हात धरून आली. दोन्ही घराण्यांची गाठ आधी कापडाच्या यंत्रांवर पडली होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात किर्लोस्कर आणि टोयोटा यांची सूतकताई यंत्रांची संयुक्त कंपनी बेंगळुरूजवळ निघाली. १९९७मध्ये मोटारींची कंपनी स्थापन झाली आणि बेंगळुरू–म्हैसूर रस्त्यावर बिडदीला कारखाना उभा राहिला. या भागीदारीमागचे गृहस्थ विक्रम किर्लोस्कर. लक्ष्मणरावांचे पणतू, शंतनुरावांचे नातू, आणि आजोबांप्रमाणेच एमआयटीत शिकलेले. आज या कंपनीत टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के आहे. कारखाना कर्नाटकात गेला, महाराष्ट्रात आला नाही, याचं मराठी माणसाला थोडं वाईट वाटतं. ते वाईट वाटणं रास्त आहे असं माझं मत आहे.

पहिली गाडी कोणती आणायची? अमेरिकेत कॅमरी आणि कोरोलाचं राज्य होतं. भारतात आणली गेली क्वालिस, जानेवारी २०००मध्ये. ही मूळची इंडोनेशियाची किजांग. १९७७पासून तिथल्या खेड्यापाड्यांसाठी, पूर्ण कुटुंब आणि बोजा दोन्ही नेता येईल अशी स्वस्त गाडी म्हणून घडवलेली. क्वालिस या मालिकेतल्या तिसऱ्या पिढीची होती, आणि इंडोनेशियात १९९७मध्ये तिच्या जागी चौथी पिढी येऊनही गेली होती. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी यावर बोट ठेवलं. तिकडं जुनी झालेली गाडी इकडं नवी म्हणून का आणता, असा त्यांचा सवाल होता. रूपही साधं, खोक्यासारखं चौकोनी.

पण तिच्यात बसणाऱ्यांना सवाल दुसरेच होते. त्या वेळी गावाकडे दहा माणसं न्यायची तर पर्याय कोणते होते? कमांडर जीप, ट्रॅक्स आणि सुमो. यांतली सुमो तर पुण्याचीच. १९९४मध्ये टेल्कोनं काढली आणि तिचं नाव ठेवलं पुण्याचा कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. सुमो दणकट होती, पण दणके देणारीही होती. तुळजापूरला जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांची कंबर धरायची.

क्वालिस जवळून आठवून पाहा. पायरी बेताची, त्यामुळं नऊवारीतल्या आजीला कुणी हात न देता चढता यायचं. छत उंच, म्हणून पगडी-फेट्याचं माणूसही ताठ बसायचं. मधल्या बाकावर तिघं आरामात, चौथं पोर मांडीवर. दहा आसनी गाडीत मागं समोरासमोर बाकं, आणि त्यांच्या मधल्या जागेत जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन, ओटीचं सामान. टपावरच्या कॅरिअरला ताडपत्रीखाली गाद्या आणि बोचकी. पुढं अडीच लिटरच्या आतलं साधं डिझेल इंजिन. त्यात नाजूक इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. ताकद ७५ अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे घाटात ती सावकाश चढायची, पण चढायची. आणि महत्त्वाचं म्हणजे आतली माणसं रस्त्यातल्या खड्ड्यावर एकमेकांवर आदळत नव्हती. ड्रायव्हर लोकांनी तिची ख्याती पसरवली ती एका वाक्यात: गाडी रस्त्यात उभी करत नाही. भाड्याच्या धंद्यात गाडी बंद पडली की भाडं जातं, गिऱ्हाईक जातं, वर टोइंगचा खर्च. बँकेचा हप्ता असलेल्या माणसाला रूपापेक्षा हे मोठं होतं.

पुण्यात त्याच वर्षांत कॉल सेंटरं आणि संगणक कंपन्या वाढत होत्या. रात्रपाळीच्या पोरापोरींना घरून आणायचं-सोडायचं काम क्वालिसवाल्यांना मिळालं. शिरूर, खेड, दौंडच्या कितीतरी तरुणांनी शेतीवर कर्ज काढून, नाहीतर जमिनीचा तुकडा विकून क्वालिस घेतली आणि कंपनीला लावली. दिवसा लग्नसराईची भाडी, रात्री कंपनी. कोरडवाहू शेतीच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगारासारखा पैसा आणणारं हे पहिलं साधन होतं, आणि म्हणून मला ती नुसती गाडी वाटत नाही. पाण्याच्या शोधात आयुष्य घालवलेल्या घरांना तिनं पावसावर अवलंबून नसलेलं उत्पन्न दिलं.

आणि मग टोयोटानं एक धाडस केलं. गाडी उत्तम खपत असताना, २००५च्या सुरुवातीला तिनं क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. एप्रिल २००५पासून मोठ्या शहरांत प्रदूषणाचे भारत स्टेज ३ नियम लागू होत होते, जुन्या डिझेल इंजिनाचं आयुष्य तसंही सरत आलं होतं. तरी खपती गाडी मोडीत काढायला छाती लागते. धंद्यातले लोक हळहळले, कारण इनोव्हा महाग होती. पण तिचं अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन १०२ अश्वशक्तीचं, बसणं मोटारीसारखं, सांगाडा मात्र ट्रकसारखा मजबूत. हा सांगाडा २००४मध्ये थायलंड आणि इंडोनेशियात सुरू झालेल्या एका मोठ्या योजनेतला, ज्यावर पिकअप, इनोव्हा आणि पुढं २००९मध्ये आपल्याकडं आलेली फॉर्च्युनर या साऱ्या बांधल्या गेल्या. तीन-चार लाख किलोमीटर पळालेली इनोव्हा आजही चांगल्या भावानं विकली जाते. देवदर्शनाची गाडी ठरवताना लोक ‘इनोव्हा आहे का’ असंच विचारतात.

अशा गाड्या कशा जमतात, याचं उत्तर टोयोटाच्या एका जुन्या रिवाजात आहे: जागेवर जा, डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. याचा नामांकित दाखला अमेरिकेतल्या सिएना या सात-आठ आसनी गाडीचा. २००४च्या सिएनाचे मुख्य अभियंता युजी योकोया. त्यांनी आराखड्याला हात लावण्याआधी अमेरिकेची पन्नासही राज्यं, कॅनडा आणि मेक्सिको गाडीनं पालथं घातलं. मिसिसिपीच्या पुलावर आडव्या वाऱ्यानं गाडी ढकलली जाते, हे त्यांनी स्टिअरिंगवर अनुभवलं. कॅनडाच्या रस्त्यांना मध्ये जास्त उंचवटा असतो, हे लक्षात घेतलं. सांता फेच्या अरुंद गल्लीत गाडी एका फेऱ्यात वळत नाही, हे पाहिलं आणि वळण्याची त्रिज्या कमी केली. अमेरिकन कुटुंब गाडीतच खातं-पितं, म्हणून पेले ठेवायच्या जागा वाढवल्या. माणसं घरकामासाठी प्लायवूडचे चार बाय आठ फुटी तक्ते नेतात, ते आत सपाट बसतील एवढी जागा केली.

इथं पाबळची आठवण होणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३मध्ये पाबळला राहायला आले आणि विज्ञान आश्रम काढला. खेड्यासाठी काही करायचं तर खेड्यात राहून, पाहून, हातानं करून, ही त्यांची धारणा. योकोया आणि कलबाग यांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही, पण दोघांची कामाची रीत एकच.

पाहूनही चूक होते. एटिऑस हे त्याचं उदाहरण. योशिनोरी नोरिटाके या मुख्य अभियंत्यांच्या हाताखाली खास भारतासाठी घडवलेली ही छोटी मोटार २०१०च्या डिसेंबरात आली. जागा भरपूर, इंजिन टिकाऊ, सांगाडा सुरक्षित. पण आतलं काम साधं, मीटर मध्यभागी, रूप फिकं. स्वतःच्या घरासाठी आयुष्यातली पहिली मोटार घेणाऱ्याला दारात उभी केल्यावर चारचौघांनी वळून पाहावं असं वाटतं, आणि ते त्या गाडीत नव्हतं. टॅक्सीवाल्यांनी तिला उचललं, घरवाल्यांनी नाही. २०२०मध्ये ती बंद झाली. टोयोटाला भारतीय प्रवास कळला होता, भारतीय अंगण पुरतं कळलं नव्हतं, असं मला वाटतं.

अंगण कळलं ते सुझुकीला. १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८००ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि पुढची चाळीस वर्षं भारतीय घरगुती मोटारींचा बाजार प्रामुख्यानं सुझुकीचा राहिला. तीच सुझुकी अमेरिकेत मात्र टिकली नाही. आपण जिला जिप्सी म्हणून ओळखतो, तिचं आखूड भावंड तिथं १९८५मध्ये सामुराई नावानं गेलं. सुरुवातीला तरुणांनी डोक्यावर घेतलं. १९८८मध्ये ग्राहकांच्या एका वजनदार नियतकालिकानं ती वळणावर उलटू शकते असं जाहीर केलं आणि खप कोसळला. खटला चालला, २००४मध्ये तडजोड झाली, पण बाजार परत मिळाला नाही. २०१२मध्ये सुझुकीनं अमेरिकेतला मोटारींचा धंदा गुंडाळला. आपल्याकडं तीच जिप्सी लष्करानं, पोलिसांनी आणि वनखात्यानं दशकानुदशकं वापरली. एकाच देशाच्या दोन कंपन्या. एकीला अमेरिका लाभली, दुसरीला भारत. आता त्या दोघींनी हातमिळवणी केली आहे. २०१९पासून टोयोटाच्या शोरूममध्ये मिळणारी ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो, आणि रुमिऑन म्हणजे अर्टिगा.

अमेरिकेतल्या मराठी घरांत टोयोटाची वंशावळ निराळ्या क्रमानं आली. १९६५च्या नव्या कायद्यानं तिथं जाण्याचा रस्ता खुला झाल्यावर पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, डॉक्टर गेले. शिकत असताना जुनी कोरोला, नोकरी लागल्यावर कॅमरी, मुलं झाल्यावर आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला आल्यावर सिएना. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जाताना त्या सिएनात नाटकाचं नेपथ्य, ढोल-ताशे आणि डब्यांतल्या चकल्या भरलेल्या असतात. योकोयांनी प्लायवूडसाठी सोडलेली जागा अशीही उपयोगाला आली.

२०२२च्या २५ नोव्हेंबरला इनोव्हाचं हायक्रॉस हे रूप मुंबईत दाखवलं गेलं. ट्रकसारखा सांगाडा जाऊन त्या जागी मोटारीची बांधणी, मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना ओढ, डिझेलऐवजी पेट्रोल आणि विजेची जोड. अवघ्या चार दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, विक्रम किर्लोस्करांचं निधन झालं. जुन्या बांधणीची डिझेलवरची इनोव्हा क्रिस्टा मात्र कंपनीला पुढच्या वर्षी पुन्हा विक्रीला आणावी लागली, कारण भाड्यानं गाडी चालवणारे तिच्यावरून हटायला तयार नव्हते. आदल्या पिढीची गाडी नव्या गाडीशेजारी उभी करून विकणं कंपन्यांना सहसा आवडत नाही, पण रस्त्यानं पुन्हा एकदा आपलं म्हणणं खरं केलं.

आपल्या शिरूर तालुक्याचंही या व्यवहारात आता नाव आहे. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात २०१७पासून जीप कंपास बनते, आणि त्याच वर्षी ती जपानला निर्यात झाली. ज्या जीपच्या धर्तीवर टोयोटानं १९५१मध्ये आपली रानगाडी बांधली, त्या घराण्याची गाडी शिरूर तालुक्यात बनून जपानच्या बाजारात उतरली.

३१ जुलै २०२४ला महाराष्ट्र सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कारखाना काढण्याचा सामंजस्य करार झाला. शिक्रापूरवरून जाणारा नगर रस्ता पुढं तिकडेच जातो. बिडदीच्या कारखान्याला जोडून टोयोटानं २००७मध्ये एक प्रशिक्षण संस्था काढली. कर्नाटकातल्या खेड्यांमधली, गरीब घरची, दहावी झालेली मुलं तिथं तीन वर्षं राहून शिकतात आणि यंत्रावर हात बसवूनच बाहेर पडतात. संभाजीनगरच्या कारखान्याची पहिली वीट बसेल त्याच दिवशी अशी शाळा तिथंही सुरू व्हावी, आणि तिच्यात मराठवाड्याच्या मुलांबरोबर केंदूर-पाबळसारख्या कोरडवाहू पट्ट्यातल्या मुलामुलींनाही जागा राखलेल्या असाव्यात, ही मागणी आत्ताच, करार कागदावर असतानाच लावून धरायला हवी.